भार वाढताच खाली येणारे व्होल्टेज

आमच्या प्रयोगशाळेतील २२० व्होल्टचा डी.सी. शंट जनरेटर बिनभाराने चालवताना व्यवस्थित वाटे, परंतु १० अँपिअरचा भार देताच व्होल्टेज १७८ पर्यंत उतरे आणि ब्रशांखाली (फिरत्या भागावरून वीज घेणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांखाली) ठिणग्या दिसत. शंट जनरेटरचे व्होल्टेज भाराबरोबर काहीसे उतरणारच, कारण आर्मेचरच्या (वीज निर्माण करणाऱ्या फिरत्या गुंडाळीच्या) रोधात काही व्होल्ट खर्च होतात, आर्मेचरमधील प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र मुख्य क्षेत्राला दुबळे करते आणि व्होल्टेज घटल्यामुळे फील्डचा (मुख्य क्षेत्र निर्माण करणाऱ्या, आर्मेचरला समांतर जोडलेल्या गुंडाळीचा) प्रवाहही कमी होऊन ही घट आणखी वाढते. तरीही ४२ व्होल्ट मला पटेनात.

आर्मेचरचा रोध ०.८ ओहम भरला, म्हणजे त्याच्या वाट्याला सुमारे ८ व्होल्टच येत होते. टॅकोमीटरवर वेगही फारसा घटलेला नव्हता. अखेर लक्ष ब्रशांच्या चौकटीकडे गेले. ती फिरण्याच्या दिशेने बरीच सरकलेली होती, त्यामुळे आर्मेचरच्या क्षेत्राचा काही भाग थेट मुख्य क्षेत्राच्या विरुद्ध काम करत होता.

यंत्र थांबवून मी ब्रशांना मिलिव्होल्टमीटर जोडला, फील्डला कमी दाबाचा प्रवाह देऊन तो वारंवार तोडला आणि काट्याचा झटका जेथे जवळजवळ नाहीसा झाला तेथे, म्हणजे ब्रशांच्या योग्य (तटस्थ) जागी, चौकट घट्ट केली. या कामात घाई अजिबात करू नये, कारण अल्प सरकण्यानेही फरक पडतो. नंतर बिनभाराचे व्होल्टेज पुन्हा २२० वर आणून तोच भार दिला, तेव्हा २०२ व्होल्ट मिळाले आणि ठिणग्याही थांबल्या. उरलेली घट फील्ड रिओस्टॅटचा (फील्डच्या मार्गातील कमी-जास्त करता येणारा) रोध कमी करून भरून काढली. मात्र भार काढण्यापूर्वी तो पूर्ववत करावा लागतो, अन्यथा व्होल्टेज मर्यादेपलीकडे चढते.