साखळी टाक्याने वही शिवताना

इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिश्चनांची पुस्तकं दीड हजार वर्षांपूर्वीही साखळी टाक्याने शिवली जात. कण्याला डिंक लागत नाही, म्हणून अशी वही कुठेही उघडा, सपाट पडते.

आधी कागद पारखा. कागदाचे तंतू कण्याला समांतर हवेत, नाहीतर पानं फुगीर राहतात आणि घडीवर तडकतात. कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकेल, तिकडची घडी बरोबर. नेहमीच्या ए४ कागदाचे तंतू बहुधा लांबीला असतात, त्यामुळे तो मधोमध दुमडला की घडी नेमकी तंतूंना आडवी पडते. म्हणून लांबीला तंतू असलेला ए३ अर्धा कापून वापरा, मग त्याची घडी तंतूंना समांतर येते.

चार-चार कागद एकात एक दुमडून सहा फर्मे (जुडग्या) करा. घडीत आरीने पाच भोकं पाडा, टोकाची दीड सेंटीमीटर आत. मागच्या-पुढच्या २ मिलिमीटर पुठ्ठ्यांच्या कडेलाही त्याच जागी भोकं. मेण लावलेला तागाचा दोरा दोन मीटर पुरतो.

पहिला फर्मा पुठ्ठ्याला वेढा देऊन बांधा. पुढे प्रत्येक भोकातून बाहेर या, खालच्या टाक्यामागून सुई काढा, त्याच भोकात परत. दोरा घडीच्या दिशेनेच ओढायचा. काटकोनात ओढलात तर कागद चर्रकन फाटतो, आणि बहुतेक वह्या इथेच बिघडतात. जाड दोराही नको. कणा पानांपेक्षा जाड होतो.