छोट्या शहरात स्पर्धा भरवायची तर पाहुणा रात्री राहिला पाहिजे

गावाचा टुरिझम वाढवायचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, आधी मोठं स्टेडियम बांधा. अहो, आहे ते मैदान वर्षातले किती दिवस रिकामं पडलेलं असतं ते तरी मोजा. मी साताऱ्यात स्पर्धांना व्हॉलंटियर म्हणून बरीच वर्षं राबलोय, त्यातून जे कळलं ते सांगतो, तुमच्या गावाला लागू पडेल तेवढं घ्या.

पहिलं काम, एक वही घेऊन गावात खेळायला काय काय आहे ते लिहून काढा. क्रीडा संकुल, शाळेचा हॉल, नगरपालिकेचा तलाव, जुनी तालीम, आणि हो, घाटसुद्धा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून चालूय, तिचं खरं भांडवल म्हणजे यवतेश्वरचा चढ, २१ किलोमीटरमध्ये अर्धं अंतर चढायचं आणि अर्धं उतरायचं, वर धुकं. त्यात सप्टेंबर म्हणजे कासला फुलं, त्यामुळे एक पळतो आणि घरचे सगळे पठार बघायला येतात. तिरंदाजीला तर मोकळं रान पुरतं. आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी, २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाऊंडची, म्हणजे चाकं लावलेल्या धनुष्याच्या तिरंदाजीची, जगज्जेती झाली, त्या प्रकारात टार्गेट ५० मीटरवर असतं, एवढी जागा कुठल्या तालुक्याला नाही सांगा.

आता मुद्द्याचं. पुणे-सातारा सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे, त्यामुळे पुण्याचा रनर पहाटे तीनला निघून, पळून, दुपारी घरी जेवायला पोचू शकतो, गावाला काय मिळालं, एक चहा आणि पार्किंगची कचकच! म्हणून बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आदल्या दिवशीच द्यायचा, मैदानावर, ओळखपत्र बघून, संध्याकाळपर्यंत. लोक थोडी कुरकुर करतात पण येतात, आणि आले की जेवतात, राहतात, कंदी पेढे घेतात.

खेळ निवडताना माझं मत विचाराल तर लहान पोरांचे खेळ घ्या. कबड्डीचा संघ शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपतो, मेसमध्ये जेवतो, बिचाऱ्यांकडे खर्चायला असतं किती. पण तेरा वर्षांखालचं बॅडमिंटन ठेवा, एका पोरामागे आई-बाप हमखास, कधी आजीपण, आणि त्यांना रूम लागते. फक्त नॉकआऊट ठेवू नका, नाहीतर पहिल्या मॅचला हरलेलं पोरगं सकाळी दहाला रडत गाडीत बसतं आणि अख्खं कुटुंब परत. गट पाडून लीग खेळवा, प्रत्येकाला निदान तीन मॅच, डबल्स दुसऱ्या दिवशी. कुस्तीची गोष्ट वेगळी, तिथे गर्दी बघणाऱ्यांची असते, २०२२ ला महाराष्ट्र केसरी साताऱ्यात झाली तेव्हा ते बघितलंय, तिथे बसायची आणि पार्किंगची सोय आधी लावा.

लॉजवाल्यांना महिनाभर आधी चहाला बोलवा. तीनच गोष्टी मागायच्या: ठरलेला रेट, पहाटे साडेचारला काहीतरी खायला (केळी आणि चहा असला तरी चालेल, पण हवाच), आणि त्या दिवशी चेक-आऊट दुपारी दोनला. ही तिसरी गोष्ट कोणाच्या डोक्यात येत नाही. एकदा एक काका भिजलेल्या बुटांनिशी गाडीच्या डिकीवर बसून टॉवेलने पाय पुसत होते, गळ्यात मेडल, आणि काकू म्हणतायत आंघोळीशिवाय मी कुठल्या हॉटेलात जेवायला येणार नाही, कारण रूम दहालाच खाली करून घेतली होती. ते सरळ घरी गेले. एका आंघोळीपायी गावाचं एक जेवण बुडालं.

बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट, पाणी आणि आतून लागणारी कडी, एवढं जमत नसेल तर स्पर्धाच घेऊ नका, स्पष्ट बोलतो.

मैदानाचं बुकिंग लेखी घ्या, शिक्क्यासकट. आम्ही एकदा तोंडी "हो घ्या की" वर विसंबलो आणि शनिवारी संध्याकाळी बिब वाटायला गेलो तर मैदानात लग्नाचा मांडव! मग काय, शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडून बिब वाटले आणि मागे बँडवाला जोरात. पाहुण्यांना मजा आली म्हणे, आमचं बीपी मात्र विचारू नका.

हिशोब ठेवताना किती जणांनी भाग घेतला यापेक्षा किती रूम किती रात्री भरल्या ते लिहा, पुढच्या वर्षी नगरपालिकेकडे किंवा स्पॉन्सरकडे जाताना तोच कागद कामाला येतो. आणि पुढच्या वर्षीची तारीख फिनिश लाईनजवळच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लावून टाका, माणूस मेडलचा फोटो काढतो त्यात ती तारीख आपोआप येते.