दहाच्या पुड्यातला कर कसा मोजायचा

22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला, पाकीटबंद फरसाण आणि वेफर्सवरचा 12 वरून 5 वर. करामुळे खाण्याची निवड बदलते का, हे बीएच्या मुलांना शिकवायला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही. पुरावा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात माळेला लटकलेला आहे.

आधी फळ्यावर गणित करा. एमआरपीत कर मिसळलेलाच असतो. करापूर्वीची किंमत 100 धरली तर जुनी एमआरपी 118, नवी 105. घट 13 रुपयांची, पण ती 118 वर, म्हणजे 11 टक्के. बरीच मुलं इथे 13 टक्के लिहितात आणि पुढची सगळी आकडेमोड घसरते. हे पक्कं झाल्याशिवाय कुणाला दुकानात पाठवू नका.

पाहणीतली खरी मेख वजनात आहे. पाच आणि दहाच्या पुड्याची किंमत कंपन्या सहसा हलवत नाहीत, ग्रॅम हलवतात. नुसती किंमत टिपून आणली तर ‘करकपातीचा परिणाम शून्य’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून वहीत रकाने आखा: दुकान, ब्रँड, चव, निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादनाचा महिना आणि दुकानदाराने प्रत्यक्ष घेतलेले पैसे. दहा दुकानं, प्रत्येकी सहा वस्तू एवढं पुरे. कपातीआधीच्या नोंदींसाठी जुनी बिलं आणि रिकामी वेष्टनं जमवा. जुन्या एमआरपीशेजारी नव्या किमतीचं स्टिकर लावलेलं पाकीट हाती लागलं तर त्याचा फोटो काढून ठेवा. दोन्ही किमती एकाच वेष्टनावर मिळतात.

समजा, दहाचा पुडा 50 ग्रॅमचा होता, तो 55 चा झाला. 100 ग्रॅमचा भाव 20 रुपयांवरून 18.18 वर आला, म्हणजे 1.82 ने उतरला. पूर्ण कपात पोचली असती तर तो 2.20 ने उतरला असता आणि वजन 56 ग्रॅमच्या थोडं वर गेलं असतं. म्हणजे ग्राहकापर्यंत सुमारे 83 टक्के पोचले.

खप मोजणं जास्त अवघड. 22 सप्टेंबरलाच घटस्थापना होती. उपवासात बिस्किटं मागे पडतात, बटाट्याचे वेफर्स चालतात, आणि लगेच दिवाळीच्या फराळाची खरेदी येते. आदल्या वर्षीशी ताडताना तारीख नको, तिथी जुळवा: 2024 ची घटस्थापना 3 ऑक्टोबरला होती. दुकानदाराच्या आठवणीवर विसंबू नका. वितरकाच्या बिलांवरून आठवड्याला किती बॉक्स आले ते मोजा. तुलनेसाठी कर न बदललेली वस्तू लागते. कोल्ड्रिंकवर आधी 28 अधिक 12 टक्के उपकर होता, आता सरळ 40, बेरीज तीच. पण स्वस्त बिस्किटांतून वाचलेले पैसे तिकडेही जाऊ शकतात आणि त्याचा खप उन्हावर हलतो, तेव्हा त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. अंडी तर या काळात मुळीच घेऊ नका, नवरात्रात अनेक घरांत ती बंदच असतात.

वर्गातला प्रयोग एका तासात होतो. प्रत्येकाला 60 रुपयांची कागदी कुपनं आणि भावाचा तक्ता द्या: कोल्ड्रिंक 20, वेफर्स 10, ताक 15, चिक्की 10, केळं 5. दुसऱ्या फेरीत कोल्ड्रिंक तेवढं 24 करा. समजा, मागणी 24 बाटल्यांवरून 21 वर आली. मध्यबिंदू पद्धतीने, म्हणजे बदल जुन्या आणि नव्या आकड्याच्या सरासरीवर मोजला तर, मागणी 13.3 टक्क्यांनी घटली, किंमत 18.2 टक्क्यांनी वाढली. लवचीकता, म्हणजे किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते, ती उणे 0.73. आकडा काढून थांबू नका. बाटली सोडलेल्या तिघांनी ताक घेतलं की वेफर्सचं दुसरं पाकीट, हे पाहणं जास्त महत्त्वाचं, कारण आरोग्यासाठी लावलेला कर तिथेच फळतो किंवा फसतो. डेन्मार्कने ऑक्टोबर 2011 मध्ये संपृक्त चरबीवर कर लावला. लोक सीमेपलीकडे जाऊन खरेदी करू लागले आणि 2013 च्या सुरुवातीला तो गेला.

कुपनं खोटी आहेत हे कळलं की मुलं मनाला येईल ते लिहितात. शेवटी दहातल्या एकाची चिठ्ठी काढून त्याला त्या फेरीतली निवड खरोखर देऊ, असं आधीच सांगा आणि द्या. चिठ्ठीवर नाव नको, फक्त क्रमांक. सरांना दिसणार म्हटलं की ताकाचा खप वाढतो.