पॉवर फॅक्टर सुधारणारी कंट्रोलर चिप कशी निवडावी

एसी-डीसी पॉवर सप्लायसाठी पॉवर फॅक्टर कंट्रोलर (इनपुट प्रवाहाचा आकार इनपुट व्होल्टेजशी जुळता ठेवणारी चिप) निवडताना डेटाशीट उघडण्याआधी एक गोष्ट ठरवावी: इंडक्टरमधील प्रवाह प्रत्येक आवर्तनात शून्यावर येऊ द्यायचा, की अखंड वाहता ठेवायचा. समजा, ९० ते २६४ व्होल्ट इनपुटवर ३०० वॉट आउटपुट हवे आहे. कार्यक्षमता ९२ टक्के धरल्यास ९० व्होल्टला इनपुट प्रवाहाचे शिखर ५.१ अँपिअर येते. क्रिटिकल कंडक्शन, म्हणजे प्रवाह शून्यावर येऊ देण्याच्या पद्धतीत इंडक्टरमधील प्रवाहाचे शिखर याच्या दुप्पट, म्हणजे सव्वादहा अँपिअरच्या आसपास जाते. अखंड प्रवाहाच्या पद्धतीत ३० टक्के रिपल (प्रवाहातील चढउतार) धरूनही ते सहाच्या आत राहते. म्हणून शंभर-दीडशे वॉटपर्यंत एल६५६२ए सारखी साधी चिप मला पुरेशी वाटते, तर तीनशेच्या पुढे यूसीसी२८१८० सारखी अखंड प्रवाहाची चिप घ्यावी. मात्र तिच्यासोबत डायोड सिलिकॉन कार्बाइडचा लावावा, कारण तिथे डायोड वाहत असतानाच मॉस्फेट (स्विचचे काम करणारा ट्रान्झिस्टर) चालू होतो आणि साध्या डायोडचा रिव्हर्स रिकव्हरी प्रवाह (बंद होताना क्षणभर उलटा वाहणारा) मॉस्फेटला तापवतो.

स्थिर फ्रिक्वेन्सीची चिप असेल, तर ६५ किलोहर्ट्झ हा आकडा सोयीचा आहे: दुसरा हार्मोनिकही (दुप्पट फ्रिक्वेन्सी) १३० वर, म्हणजे वाहित ईएमआयची (तारांतून पसरणाऱ्या विद्युत गोंगाटाची) मर्यादा सुरू होते त्या १५० किलोहर्ट्झच्या खालीच राहतो.

सर्वाधिक काळजी संरक्षणाची घ्यावी. बस व्होल्टेज (या टप्प्याचे डीसी आउटपुट) मोजणाऱ्या डिव्हायडरमधील, म्हणजे व्होल्टेज विभागणाऱ्या रेझिस्टर-जोडीतील, वरच्या रेझिस्टरचा रोध काळानुसार वाढला, तर चिपला व्होल्टेज कमी दिसते आणि ती बस ४०० व्होल्टच्या वर चढवत नेते. ओव्हरव्होल्टेजची ओळखही त्याच पिनवर अवलंबून असेल, तर ४५० व्होल्टचा कपॅसिटर फुटेपर्यंत काहीच थांबत नाही. एल६५६३ मध्ये यासाठी वेगळी पिन आहे, आणि तिला स्वतंत्र डिव्हायडर देता येतो. बंद पेटीत वर्षानुवर्षे चालणाऱ्या सप्लायसाठी ही सोय नसलेली चिप मी निवडणार नाही.

शेवटी चिपचा स्वतःचा पुरवठा तपासावा. एल६५६२ए साधारण साडेबारा व्होल्टला सुरू होते. पुढच्या फ्लायबॅक कन्व्हर्टरच्या (अंतिम आउटपुट देणाऱ्या टप्प्याच्या) ऑक्झिलरी, म्हणजे जादा वाइंडिंगमधून १२ व्होल्टच मिळत असतील आणि स्टार्टअप रेझिस्टर दिलेला नसेल, तर ती कधीच सुरू होणार नाही. सप्लाय मात्र चालत राहील, त्यामुळे टेबलावर दोष कळत नाही. तो इनपुट प्रवाहातील हार्मोनिक मोजणाऱ्या चाचणीत उघड होतो.