छपाईच्या इतिहासावर लघुप्रबंध लिहायला बसण्यापूर्वी

‘मुद्रणकलेचा मराठी समाजावरील परिणाम’ असं शीर्षक विभागाकडे देऊन मोकळं होऊ नका. हे शीर्षक मंजूर होतं आणि मग वर्षभर छळतं. यंत्रानं करायचं आणि समाजानं सोसायचं, हे त्यात आधीच ठरलेलं असतं. मग प्रत्येक प्रकरणात ‘छापखाना आला आणि त्यामुळे...’ एवढंच लिहीत राहता. तोंडी परीक्षेत पहिला वार बसतो तो इथेच: तोच छापखाना गोव्यात आला तेव्हा हे सगळं का झालं नाही?

हा प्रश्न नीट समजून घ्या. जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारकांबरोबर छापखाना गोव्यात 1556 साली उतरला. खरं तर तो अबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) जायचा होता. 1616 साली त्यांच्यातल्याच फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ गोव्यातच राशोलला छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा आणि लिपी रोमन. देवनागरी खिळे (छपाईची धातूची अक्षरं) पाडून घ्यायची परवानगी स्टीफन्सनी 1608 च्या पत्रात वरिष्ठांकडे मागितली होती, म्हणजे कल्पना तेव्हाही होती. पण छपाई मिशनच्या गरजेला बांधलेली होती. पुढे स्थानिक भाषांबद्दलचं धोरण फिरलं आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती थांबली. गोव्यात पुन्हा छपाई सुरू झाली ती 1821 साली, सरकारी गॅझेटासाठी. मधली जवळजवळ दीडशे वर्षं कोरी. यंत्र होतं, पण ते चालतं ठेवणारी मागणी, पैसा आणि वाचक नव्हते.

आता याच्याशेजारी मुंबई ठेवा. गणपत कृष्णाजींनी 1831 साली पंचांग छापलं, तेही शिळाछापावर, म्हणजे दगडावर हातानं लिहून त्यावरून छापून. पंचांगच का? ते दरवर्षी नवं लागतं, घरोघर लागतं, आणि नकलाकाराकडून लिहून घेणं महाग पडतं. बाजार आधीच उभा होता. अडचण होती ती सोवळ्याची. शाईत चरबी असते म्हणून कर्मठ मंडळी छापील कागदाला शिवायला धजत नसत, आणि म्हणून धार्मिक पोथ्यांसाठी तुपाची शाई वापरली गेली. छपाईनं वाचकाला बदललं हे खरंच, पण त्याआधी वाचकानं छपाईची शाई बदलली. आकाराचंही तसंच: छापील पोथ्या कित्येक वर्षं सुट्या, आडव्या पानांच्याच निघत राहिल्या, कारण पोथी म्हणजे ती अशीच, हे लोकांच्या मनात पक्कं होतं. लघुप्रबंधात मांडायचं ते हेच, की ढकलाढकली दोन्ही बाजूंनी होते आणि ती वस्तूवर दिसते.

त्यासाठी वस्तू हातात घ्यावी लागते. नुसती स्कॅन केलेली प्रत पाहून लिहिणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. खिळाछाप आहे की शिळाछाप हे आधी ठरवा. पानावरचा एकच ‘क’ चार ठिकाणी शोधा. चारही हुबेहूब सारखे असतील तर बहुधा खिळे, दर वेळी वळण थोडं निराळं असेल तर शिळा. शिरोरेषा भिंगातून पाहा. खिळ्यांच्या छपाईत दोन अक्षरांच्या सांध्यावर बारीक फट राहते, शिळेवर रेघ सलग येते. पान मागून तिरप्या उजेडात धरा, खिळ्यांचा दाब उमटलेला दिसू शकतो. हे चुकलं तर पुढचा खर्चाचा सगळा हिशेब चुकतो, कारण खिळ्यांना भांडवल लागतं आणि शिळाछापाला चांगला लेखनिक.

नेहमी पाय घसरतो अशी आणखी एक जागा म्हणजे मोडी. ‘मोडी छापता येत नव्हती म्हणून मागे पडली’ हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचाल की खरंच वाटेल. पण विल्यम केरी या मिशनऱ्याचा मराठी कोश 1810 साली बंगालमधल्या श्रीरामपूरला मोडी खिळ्यांतच छापला गेला. म्हणजे तांत्रिक अडथळा ओलांडता येत होता. कारणं शोधायची तर शिक्षणखात्याची पुस्तकं, शाळा आणि सरकारी दफ्तरं इथे शोधा. हातानं लिहायला मोडी त्यानंतरही विसाव्या शतकापर्यंत टिकली. एखादं तंत्र हरलं असं लिहिण्याआधी ते कोणत्या कामात हरलं, हे स्वतःला विचारा.

विषय आजचा हवा असेल तरी रीत हीच. मिस्ड कॉल कुठल्याही कंपनीनं सेवा म्हणून विकायला काढला नव्हता. फोन उचलला नाही तर पैसे पडत नाहीत, एवढ्या हिशेबावर लोकांनी आपापल्या खुणा ठरवल्या. यावर शंभर जणांची प्रश्नावली वाटून टक्केवारी काढू नका. दरपत्रक आणि दहा सविस्तर मुलाखती यातून कितीतरी जास्त हाती लागतं. प्रश्नावलीच्या आडवाटेला लावणारा मार्गदर्शक भेटला तर नम्रपणे पण ठाम राहा. पहिल्या चर्चेत ‘साधनं कुठली पाहिलीत?’ असं विचारणारा मार्गदर्शक मिळाला, तर त्याला सोडू नका.

घाबरू नका, आवाका लहान ठेवला की हे काम एका वर्षात होतं. एक गाव, एक माध्यम, वीस-तीस वर्षं, बस. ‘दर्पण’ हे वृत्तपत्रच घेतलंत (6 जानेवारी 1832 ते 1840) तरी इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी का ठेवला, तो कोणासाठी, एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं. मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि राज्य पुराभिलेखागार, पणजीत कृष्णदास शामा ग्रंथालय, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, इथून सुरुवात करा. पहिले काही दिवस काहीच हाती लागणार नाही, ते धरूनच चला.

प्रत्येक पुस्तकाची नोंद करताना मुखपृष्ठावरचा शक जसा छापलाय तसाच उतरवा, इसवी सन शेजारी वेगळा लिहा. शकात 78 मिळवा; पण तिथी जानेवारीपासून चैत्र पाडव्यापर्यंतची असेल तर 79. शिवाय किंमत, छापखान्याचा पत्ता आणि पान बांधीव की सुटं, हे त्याच बैठकीत लिहून घ्या. तेच पुस्तक दुसऱ्या खेपेला मागितलं की ते बांधणीला गेलेलं असतं.