सहा फॉर्मांत खून, तपास आणि अटक

१९६५ ते १९७४ या काळात मी चाळीसेक रहस्यकथा लिहिल्या. दिवसा भुसावळ स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकुनी, आणि रात्री जेवणं आटोपली की मांडीवर पाट घेऊन लिखाण. बाबूराव अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यापुढे माझा आकडा म्हणजे दर्यामें खसखस. तरी हल्ली मोबाईलवर ऐकायच्या मालिका लिहिणारी पोरं येतात नि विचारतात, "काका, दर तीन महिन्यांना एक पुस्तक जमायचं कसं?"

जमायचं, कारण पानं मोजलेली असायची. सोळा पानांचा एक फॉर्म, आमचं पुस्तक सहा फॉर्मांचं, म्हणजे शहाण्णव पानं. सत्त्याण्णवावं पान निघालं की कागदाचा खर्च वाढला. पहिल्या फॉर्ममध्ये प्रेत पडलंच पाहिजे, चौथ्यापर्यंत संशय भलत्यावर, सहाव्यात अटक. हे मला कुणी शिकवलं नाही. माझी तिसरी कादंबरी दोन पानांनी लांबली आणि प्रकाशकानं मला न विचारता शेवटची दोन पानं उडवली. खुनी कोण ते त्याच पानांवर होतं! वाचनालयात भाड्यानं पुस्तकं नेणारा आमच्या ऑफिसचा हमाल, अमळनेरकडचा, दुसऱ्या दिवशी गाडा ढकलता ढकलता थांबला. "भाऊ, मंग मारं कोनी?" मी त्याला तिथंच, केळीच्या करंड्यांवर बसून, उरलेली गोष्ट सांगितली. तेव्हापासून हस्तलिखित पाठवण्याआधी मी ओळी मोजतो. आजही.

मुखपृष्ठ बहुतेक वेळा आधी छापून तयार असे. एकदा आलं त्यावर पिस्तूलवाली बाई, आणि माझ्या कथेत तर बाईच नव्हती. मग एका रात्रीत फौजदाराला बहीण झाली. "थोडं गरम लिहा" असाही आग्रह व्हायचा. मी टाळायचो, त्यात सोवळेपणापेक्षा भीती जास्त. चंद्रकांत काकोडकरांवर १९६२च्या दिवाळी अंकातल्या एका कथेवरून अश्लीलतेचा खटला झाला होता. ते सुटले १९६९मध्ये, थेट सर्वोच्च न्यायालयात. कारकुनाला एवढा दम कुठला?

जागा मात्र ओळखीची घ्या. मुंबईचा कॅबरे मी पाहिलेला नव्हता, पण मुंबईहून आलेला माणूस भुसावळहून इटारसीकडे पळू शकतो, नागपूरकडे पळू शकतो, नाहीतर जळगावला परत फिरून सुरतेची गाडी धरू शकतो, हे मला झोपेतही ठाऊक. पाठलागाला आणखी काय हवं? फक्त रेल्वेवाल्या वाचकांपासून जपून. जी मेलगाडी जिथं थांबतच नव्हती तिथं मी खुन्याला उतरवलं, तर एका गार्डानं वर्षभर मला चहाच्या टपरीवर छळलं.

पैशाचं थोडक्यात. एका पुस्तकाचे शंभर-सव्वाशे रुपये, तेही मागे लागून, आणि पावतीवर "सर्व हक्क कायमचे" ही ओळ. मी एकदाही न वाचता सही केली. तुम्ही वाचा, कळलं नाही तर वकिलाला दाखवा, सहीची घाई करू नका. बऱ्याच वर्षांनी जळगावात रद्दीच्या ढिगाऱ्यात एक पुस्तक सापडलं. नाव वेगळं, लेखक वेगळा. चाळलं तर आत माझाच फौजदार आणि त्याची ती एका रात्रीत झालेली बहीण. दहा रुपये सांगितले. घासाघीस करून आठाला आणलं.