पडदा घेण्याआधी ठरवा, ऊन अडवायचंय की ऊब धरायचीय

ब्लॅकआऊट पडदा लावला तरी खोली तापतेच असं बरेच जण म्हणतात, आणि ते खरंय, कारण ब्लॅकआऊट म्हणजे उजेड अडला एवढंच. ऊन काचेतून आत येतं, गडद कापडावर पडतं, कापड तापतं आणि ती उष्णता खोलीतच सोडत बसतं, कारण काच उजेडाला वाट देते पण तापलेल्या कापडातून निघणाऱ्या इन्फ्रारेड किरणांना परत बाहेर जाऊ देत नाही. भर उन्हात पडदा आणि काच यांच्यामध्ये हात घालून बघा, लगेच कळेल.

म्हणून ऊन अडवायचं असेल तर शेड, म्हणजे खिडकी झाकणारं आवरण, बाहेरून लावा, जमत असेल तर दुसरा विचारच करू नका. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांप्रमाणे बाहेरची ऑनिंग, म्हणजे खिडकीवरची उतरती छपरी, दक्षिणेच्या खिडकीतून येणारी उन्हाची उष्णता ६५ टक्क्यांपर्यंत आणि पश्चिमेच्या खिडकीतली ७७ टक्क्यांपर्यंत कमी करते, मध्यम रंगाचा, मागून पांढरं प्लॅस्टिकचं अस्तर असलेला पडदा आतून लावला तर साधारण ३३ टक्के. बाहेर लावणं शक्य नसेल तर काचेकडची बाजू पांढरी किंवा चंदेरी असलीच पाहिजे, आतला रंग तुमच्या आवडीचा. जाळीदार रोलर शेड (गुंडाळून वर जाणारी) घेताना ओपननेस विचारा, ३ टक्के म्हणजे कापडाचा ३ टक्के भाग उघडा, १० टक्केवाल्यातून बाहेरचं जास्त दिसतं पण ऊनही जास्त येतं.

थंडीत ऊब धरायची असेल तर मात्र गणित वेगळं. इथे काम करते ती थांबलेली हवा, म्हणून मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे असलेली हनीकोम शेड साध्या रोलरपेक्षा कितीतरी चांगली. पण मी म्हणेन कापडापेक्षा फटींकडे जास्त लक्ष द्या, वरच्या फटीतून खोलीतली गरम हवा पडद्यामागे शिरते, काचेला लागून गार होते, जड होऊन खालून पायाशी बाहेर पडते आणि हे चक्र रात्रभर चालू राहतं. शेड चौकटीच्या आत बसवा, रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजून सगळ्यात कमी माप द्या, दोन्ही बाजूंना शेडची कड आत धरणारा ट्रॅक लावता आला तर उत्तम, आणि खालची पट्टी खिडकीच्या कट्ट्याला टेकली पाहिजे. ऊन येणाऱ्या खिडकीवरची शेड दिवसा उघडी ठेवा, सूर्य मावळला की लगेच बंद.

एक जपा, काच रंगीत किंवा उष्णता शोषणारी असेल तर गडद शेड अगदी चिकटवून लावू नका, काचेचा एक भाग जास्त तापून तडा जाऊ शकतो, आधी काचवाल्याला विचारा.

आणि घट्ट बसवलेल्या शेडमागे थंडीत काच जास्तच गार पडते, तिच्यावर पाणी जमतं, तेव्हा सकाळी शेड वर घेऊन चौकट पुसून कोरडी करा, नाहीतर तिथे बुरशी धरते.